फोटो खेळण्यासारखा का दिसत नाहीये? (मिनिएचर इफेक्ट – मदत हवी आहे)

गच्चीकर

मंडळी, नमस्कार. दोन रविवार एकाच फोटोपाठी घालवलेत. आता तुम्हीच काय ते सांगा.

दहाव्या मजल्यावरच्या गच्चीतून काढलेला चौकाचा फोटो आहे. दोन बस, पाच-सहा गाड्या, झेब्रा क्रॉसिंगवरून जाणारी माणसं, डाव्या कोपऱ्यात पाण्याची उंच टाकी. हे सगळं खेळण्यातल्या गावासारखं दिसावं एवढीच इच्छा. जे जे वाचलं ते ते केलं. वर ब्लर, खाली ब्लर, मध्ये आडवा शार्प पट्टा, सॅच्युरेशन ४० ने वर. घरात दाखवला तर उत्तर आलं, "लेन्स पुसायची राहिली होती का?"

ब्लर झालाय, रंगही भडकलेत, पण खेळणं काही झालेलं नाही. कुठे माशी शिंकतेय? फोटो डकवला आहे, निःसंकोच फाडा.

चष्मेबहाद्दर

फोटो उघडला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग धागा वाचला.

तिरपी_नजर

टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेऱ्यावर तिरपी झुकवता आणि सरकवता येते ती) भाड्याने घ्या आणि मोकळे व्हा. एडिटिंगमध्ये केलेला मिनिएचर म्हणजे कागदी फुलाला अत्तर. खरी गोष्ट काचेतच होते.

गच्चीकर

@तिरपी_नजर, भाडं विचारून आलो आणि एडिटिंगवरचं प्रेम दुप्पट झालं.

पिक्सेलपुराण

नुसती पायरी-पायरीची कृती सांगून उपयोग नाही, कारण ती तुम्ही केलेलीच आहे. हा इफेक्ट चालतो कशावर ते आधी बघू.

हाताचं बोट नाकासमोर धरून त्याच्याकडे बघा. मागची भिंत धूसर होते. आता समोरच्या इमारतीकडे बघा. तिच्या मागची इमारतही स्पष्टच दिसते. जवळच्या, लहान वस्तूंकडे बघताना मागचं-पुढचं धूसर होतं आणि लांबच्या मोठ्या वस्तूंकडे बघताना होत नाही, हे आपला मेंदू जन्मभर शिकत आलेला असतो. त्यामुळे चौकाच्या फोटोत पुढचं-मागचं धूसर दिसलं, की तो म्हणतो, अरे, हे तर जवळ आहे, म्हणजे लहानच असणार.

किती जवळ, याचा हिशोब गमतीचा आहे. समजा ५० मिमी लेन्स एफ/२.८ वर आहे. म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येतो त्या छिद्राची रुंदी (५० भागिले २.८) साधारण १८ मिमी. याने तुम्ही १:८७ प्रमाणातल्या मॉडेलचा एक मीटरवरून फोटो काढला. तसाच्या तसा धूसरपणा खऱ्या चौकाच्या फोटोत हवा असेल तर सगळंच ८७ पट करावं लागेल. म्हणजे ८७ मीटरवरून फोटो आणि छिद्र दीड मीटरहून जास्त रुंद. असा कॅमेरा कुणाकडे असेल तर त्याला एडिटिंगची गरज नाही. बाकीच्यांना ते दीड मीटरचं भिंग सॉफ्टवेअरमध्ये बनवावं लागतं.

आता मुद्दा. ब्लर फोटोतल्या *जागेवर* अवलंबून नसतो, *अंतरावर* असतो. तुम्ही तो जागेप्रमाणे लावलाय. टाकी बघा. तिचे खांब पट्ट्यात आहेत, स्पष्ट आहेत. वरची गोल टाकी पार विरघळलीये. खांब आणि टाकी कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, मग एक स्पष्ट आणि एक धूसर असं कसं होईल? मेंदूला ही चोरी लगेच कळते. नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, म्हणून तो लेन्सवर आळ घेतो.

निळी_शाई

वाखू (वाचनखूण) साठवली. दीड मीटरचं छिद्र डोळ्यांसमोर आणून बराच वेळ हसले.

आगगाडीकाका

मी या प्रकरणात उलट्या बाजूने आलोय. तीस वर्षं मॉडेल रेल्वे करतो, एचओ स्केल, म्हणजे पिक्सेलरावांनी म्हटलंय तेच १:८७. यात माणूस जेमतेम २ सेंटिमीटरचा. आमची सगळी धडपड मॉडेल खरं दिसावं म्हणून, आणि तुम्ही खरं जग मॉडेल दिसावं म्हणून झटताय. देव भलं करो.

मॉडेलचा फोटो खोटा का दिसतो याची यादी आम्हाला तोंडपाठ आहे, ती तुम्ही उलटी वाचा. मॉडेलमध्ये धूळ-धुरकं नसतं, कारण कॅमेरा आणि मॉडेल यांच्यामध्ये हवाच मीटरभर. खऱ्या दृश्यात लांबची इमारत निळसर, फिकट होते. तुमच्या फोटोत मागच्या इमारती फिक्या आहेत, त्या नुसत्या ब्लर करून काय होणार? आधी त्यांच्यावरचं धुरकं काढा, काळा रंग काळा करा, मग ब्लर. दुसरं म्हणजे रंग. मॉडेलवर डबीतला रंग असतो, एका छटेचा. खऱ्या डांबराला पन्नास डाग असतात. सॅच्युरेशन सगळ्या फोटोचं वाढवलंत तर डागही रंगीत होतात. बस, गाड्या, कपडे एवढ्यांचेच रंग वाढवा, रस्ता उलट जरा एकसारखा करा.

आणि उजेड. टेबलावर मॉडेल असलं की वर एक दिवा असतो. सावली एकाच बाजूला, कडक. ढगाळ दिवशी काढलेला फोटो मी तरी या कामाला घेणार नाही. तुमचा फोटो ढगाळच दिसतोय.

गच्चीकर

काका, ढगाळच होता. "मऊ प्रकाश चांगला" हे कुठेतरी वाचलं होतं.

आगगाडीकाका

माणसांच्या चेहऱ्यांना चांगला. २ सेंटिमीटरच्या माणसाला चेहरा नसतो.

तिरपी_नजर

@पिक्सेलपुराण, टाकीचा मुद्दा मान्य. म्हणूनच म्हणतोय, खऱ्या लेन्समध्ये हे होत नाही.

पिक्सेलपुराण

तिथेच तर गंमत आहे, खऱ्या टिल्ट लेन्समध्येही हेच होतं!

टिल्ट केलं की लहान वस्तूसारखा उथळ फोकस मिळत नाही, फोकसचं प्रतल (ज्या सपाटीवरचं सगळं स्पष्ट दिसतं ती) तिरपं होतं. ज्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो ते थिओडोर शाइमफ्लुग ऑस्ट्रियन सैन्यातले कॅप्टन, त्यांचं ब्रिटिश पेटंट १९०४ चं. त्यांच्याही आधी १९०१ मध्ये ज्यूल कार्पेंतिए यांनी तत्त्व मांडलं होतं. आणि त्याचा मूळ उपयोग बरोबर उलटा, जमिनीचा अख्खा पट्टा पुढपासून मागपर्यंत स्पष्ट यावा म्हणून. ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी टिल्ट आणि शिफ्ट दोन्ही असलेली कॅननची ३५ मिमी लेन्स १९७३ ची, तीसुद्धा कुणी खेळणी करण्यासाठी बनवली नव्हती. मिनिएचरवाले लेन्स मुद्दाम चुकीच्या दिशेला झुकवतात. प्रतल दृश्याला आडवं छेदून जातं आणि उंच टाकी त्या प्रतलाबाहेर गेली की तिचा माथा तिथेही विरघळतोच.

सॉफ्टवेअरमध्ये निदान टाकी वाचवता येते.

तिरपी_नजर

हं. माझ्याकडचे जुने फोटो काढून बघितले. घंटाघराचा फोटो आहे एक. माथा विरघळलाय खरा. इतकी वर्षं मी त्याला "स्वप्नाळू" म्हणत होतो.

चष्मेबहाद्दर

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "स्वप्नाळू" हा शब्द आता मी माझ्या सगळ्या हललेल्या फोटोंना वापरणार.

रातराणी_७७

अवांतर होईल, पण सांगतेच. माझ्या कॅमेऱ्यात मिनिएचर मोड आहे, डायल एक घर पुढे सरकली की लागतो. मावसबहिणीच्या लग्नात ग्रुप फोटोच्या वेळी ती सरकली. चौपन्न माणसं, तीन रांगा. मधली रांग झकास. मागच्या रांगेतल्या सगळ्यांच्या डोक्यांचं आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या पायांचं धुकं. रॉ फाइल (इफेक्ट न लागलेली मूळ प्रत) ठेवलेली नव्हती, त्यामुळे परतीची वाट नाही. मागच्या रांगेत उभी असलेली थोरली मावशी अजून म्हणते, "मला मुद्दाम पुसलंस."

तात्पर्य वगैरे काही नाही. पण इफेक्ट कॅमेऱ्यात लावू नका, मूळ फोटो साधा काढा, पुढचं घरी करा.

निळी_शाई

मावशींना सांगा, त्या *प्रतलाबाहेर* होत्या.

कुंपणावर

मूळ प्रश्नाकडे. प्रत्यक्ष कसं करायचं ते कुणीतरी सांगाल का? मी गिम्प वापरतो, फोटोशॉप नाही.

पिक्सेलपुराण

आधी तत्त्व, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला चालेल. ब्लरसाठी एक काळा-पांढरा मास्क लागतो. काळं तिथे ब्लर शून्य, पांढरं तिथे पूर्ण, मधे करडं. या मास्कवरच सगळा खेळ आहे, ब्लरचा स्लायडर दुय्यम.

जमीन सपाट असेल तर फोकसच्या ओळीपासून वर आणि खाली सरळ, एकसारखा वाढत जाणारा ग्रेडियंट काढा. हा अंदाजपंचे मामला नाही. लेन्सचा धूसरपणा अंतराच्या व्यस्ताप्रमाणे बदलतो, आणि फोटोत सपाट जमिनीवर जसजसं वर जावं तसतसा अंतराचा व्यस्त सरळ रेषेतच घटतो. दोन्ही जुळतात. म्हणून साधा सरळ ग्रेडियंट जमिनीपुरता गणितानेही बरोबर असतो. फक्त क्षितिज आलं की थांबायचं. क्षितिजाच्या वरचं आकाश कितीही उंच असलं तरी ब्लर क्षितिजाएवढाच. आकाशात ग्रेडियंट चढत जाताना दिसला की समजायचं, घाई झाली.

आता जमिनीतून वर आलेल्या वस्तू. नियम एकच: ज्याचे पाय जिथे, त्याचा ब्लर तिथला. टाकीचे खांब ज्या ओळीवर जमिनीला टेकतात, त्या ओळीवरचा करडा रंग ड्रॉपरने उचला आणि अख्ख्या टाकीवर, माथ्यापर्यंत, मास्कमध्ये तोच भरा. इमारतींचं तसंच. झाडांचं तसंच. दिव्याच्या खांबांचंही, कंटाळा आला तरी.

हे केल्यावर फोटोचा जो कायापालट होतो तो एकदा बघाच. माझ्या पहिल्या फोटोत मी फक्त एक दिव्याचा खांब दुरुस्त केला होता. सगळा चौक अचानक टेबलावर आला.

कुंपणावर

"ज्याचे पाय जिथे" हे भिंतीवर लिहून ठेवतो. गिम्पचं?

रातराणी_७७

गिम्पमध्ये मी अशी करते. लेयरची प्रत काढायची, तिला पूर्ण ब्लर द्यायचा, मग तिच्यावर लेयर मास्क लावून वरचा काळा-पांढरा नकाशा भरायचा. याला मर्यादा आहे. मधल्या करड्या भागात कमी ब्लर न होता पूर्ण ब्लर आणि स्पष्ट चित्र एकमेकांवर मिसळतात, भुतासारखं दुहेरी दिसतं. म्हणून मी तीन प्रती करते, थोडा, मध्यम आणि जास्त ब्लर, आणि तिन्हींचे मास्क एकात एक गुंफते. साधा सपाट फोटो असेल तर फिल्टर्समधला फोकस ब्लर पुरतो, त्यात पट्टा कॅनव्हासवरच ओढून ठरवता येतो.

पिक्सेलपुराण

तीन प्रती चांगली युक्ती. फोटोशॉपवाल्यांनी सीएस६ पासून (२०१२) आलेला ब्लर गॅलरीतला टिल्ट-शिफ्ट न वापरता जुना लेन्स ब्लर वापरावा असं माझं मत. टिल्ट-शिफ्टमध्ये सलग रेषांच्या आत स्पष्ट, तुटक रेषांपर्यंत वाढता आणि त्यापलीकडे एकसारखा ब्लर, एवढंच. टाकी वाचवायला मास्क वेगळा करावा लागतो. लेन्स ब्लर मात्र अल्फा चॅनेल (फोटोसोबत साठवलेला काळा-पांढरा मास्क) किंवा लेयर मास्क थेट खोलीचा नकाशा म्हणून घेतो आणि करड्या भागात खरोखर कमी ब्लर देतो.

आणि कृपा करून गॉसियन ब्लर (सॉफ्टवेअरमधला नेहमीचा साधा ब्लर) नको. लेन्सचा धूसरपणा आणि गॉसियन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरचा चमकणारा दिवा लेन्समध्ये धूसर झाला की त्याची काठ असलेली गोल चकती होते, गॉसियनमध्ये मळकट ठिपका. चमकत्या काचा, आरसे, ओला रस्ता असेल तर फरक लगेच डोळ्यात भरतो. लेन्स ब्लरमध्ये स्पेक्युलर हायलाइट्सचे (चमकत्या ठिपक्यांचे) दोन स्लायडर त्यासाठीच दिलेत, पण हात आखडता ठेवा, नाहीतर पांढरे शर्टही चकत्या व्हायला लागतात.

चष्मेबहाद्दर

मोबाइलवाल्या गरिबांसाठी काही?

निळी_शाई

स्नॅपसीडमध्ये लेन्स ब्लर आहे. गोल आकार बदलून आडवा पट्टा करायचा, दोन बोटांनी फिरवायचा, धूसरपणा आणि काठ वेगवेगळे ठरवता येतात. टाकी असलेल्या फोटोला नको, मोकळ्या मैदानाला, समुद्रकिनाऱ्याला, पार्किंगला मस्त. मी एक क्रीडांगण केलं होतं, दहा मिनिटांत. तिथे उभं काही नव्हतंच, गोलपोस्ट सोडून.

आगगाडीकाका

कोनाचं कुणी बोललं नाही. मॉडेल आपण वरून, तिरपं बघतो, टेबलाशी उभं राहून. रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत कितीही ब्लर घाला, माणूस मोठाच दिसणार. गच्ची, पूल, टेकडी हव्यात.

ड्रोनाचार्य

मी ड्रोनने सरळ खाली बघून काढलेल्या फोटोंवर केलं, अगदी नव्वद अंशातून. काही केल्या खेळणं होईना. कोन तर वरूनच आहे.

पिक्सेलपुराण

नाव आवडलं. सरळ खाली बघितलं की सगळी जमीन कॅमेऱ्यापासून सारख्याच खोलीवर. पुढे-मागे असं काही उरतच नाही. तिथे वर-खाली ब्लर लावणं म्हणजे धडधडीत खोटी साक्ष. हवाच असेल तर उलटं करा, गच्च्या आणि झाडांचे शेंडे स्पष्ट आणि रस्ते किंचित धूसर, कारण तिथे उंची हेच अंतर. नाहीतर कॅमेरा तीस-चाळीस अंश वर उचला.

यावर अभ्यासही झालाय. रॉबर्ट हेल्ड, एमिली कूपर, जेम्स ओब्रायन आणि मार्टिन बँक्स यांचा 'एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स'मधला २०१० चा लेख. ब्लर खोलीच्या दिशेने वाढत गेला तर दृश्य लहान भासतं, आणि खोलीशी काटकोनात फिरवला तर परिणाम बराच कमी होतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे नुसता ब्लर कामाचा नाही, त्याचं दृश्यातल्या अंतराशी जमायला हवं.

ड्रोनाचार्य

बॅटरीची चार उड्डाणं खोट्या साक्षीत गेली म्हणायची.

उंबरठा

मला या इफेक्टचाच कंटाळा आलाय, स्पष्ट बोलतो. एकेकाळी मजा होती. ओलिवो बार्बिएरीने हेलिकॉप्टरमधून रोम असं दाखवलं तेव्हा त्यात म्हणणं होतं, ओळखीचं शहर अनोळखी होत होतं. आता प्रत्येक ॲपमध्ये बटण आहे. आणि माणसं खेळणी दिसावीत यात गोड काय आहे हे मला कळत नाही. रस्ता ओलांडणारी ती बाई कामावर चाललीये, तिची बाहुली कशाला करायची?

निळी_शाई

@उंबरठा, अर्धं पटलं. पण मला उलटंच होतं. एरवी अशा फोटोत मी इमारती बघते. खेळण्यासारखा झाला की माणसं बघायला लागते, एकेक करून. कोण पिशवी घेऊन चाललंय, कोण थांबलंय. लहान वस्तूंकडे आपण वाकून बघतोच ना.

उंबरठा

हे मात्र खरं. वाकून बघणं. ठीक आहे, मी कुंपणावर.

कुंपणावर

ती जागा घेतलेली आहे.

आगगाडीकाका

व्हिडिओ कुणी करणार असेल तर एक गोष्ट. आमच्या मॉडेलची चित्रफीत खरी दिसावी म्हणून ती जास्त वेगाने चित्रित करून हळू दाखवतात, प्रमाणाच्या वर्गमुळाने. १:१६ चं मॉडेल असेल तर चौपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. तुम्ही उलटं करा, खऱ्या रस्त्याची फीत पळवा. १:८७ भासवायचं तर नऊपट तरी. कीथ लाउटिटच्या सिडनीच्या टाइम-लॅप्स फिती बघा, बोटी चावी दिल्यासारख्या पळतात. पाणी मात्र दगा देतं. लाटेचा तुषार लहान होत नाही, जवळच्या लाटा फ्रेममध्ये आल्या की सोंग उघडं.

गच्चीकर

मंडळी, परत आलो. मधल्या काळात दोन गोष्टी केल्या. काकांचं ऐकून कडक उन्हात सकाळी नऊला नवा फोटो काढला, आणि "ज्याचे पाय जिथे" करत मास्कवर सलग तीन संध्याकाळी बसलो. टाकी, दोन इमारती, नऊ झाडं, अकरा दिव्याचे खांब. सॅच्युरेशन फक्त बसचं आणि छत्र्यांचं. मागचं धुरकं काढलं.

दोन अडचणी आल्या, इतरांच्या उपयोगासाठी लिहितो. पहिली, टाकी स्पष्ट ठेवली तर तिच्याभोवती पांढुरकी प्रभावळ आली, कारण मागचं आकाश ब्लर होताना टाकीचा रंग त्यात पसरत होता. उपाय असा सापडला: ब्लर करायच्या लेयरमधून टाकी आधी क्लोन स्टॅम्पने (शेजारचा भाग उचलून वर छापणाऱ्या साधनाने) पुसून टाकायची, ते आकाश ब्लर करायचं, आणि स्पष्ट टाकी वरच्या लेयरवर परत ठेवायची. दुसरी, पट्ट्यात फोटोचा बारीक दाणा दिसत होता आणि ब्लर भागात सगळं लोण्यासारखं गुळगुळीत, त्यामुळे सांधा कळत होता. शेवटी सगळ्यावर थोडा नॉइज (कृत्रिम दाणा) घातला, सांधा गेला.

घरी दाखवला. यावेळी लेन्सचा विषय निघाला नाही. धाकटीने स्क्रीनला नाक लावून विचारलं, "बाबा, हे कुठे मांडून ठेवलंय?"

फोटो डकवलाय.

रातराणी_७७

अप्रतिम!! ती लाल छत्री! चिमटीत उचलावीशी वाटते.

तिरपी_नजर

लेन्सशिवाय हे झालंय यावर माझा निषेध नोंदवून ठेवा. घंटाघराचा फोटो मीही आता मास्कने दुरुस्त करायला घेतलाय.

आगगाडीकाका

डावीकडची बस विकणार का? माझ्या स्टेशनाबाहेर बरोबर बसेल.

पिक्सेलपुराण

सुरेख. फक्त टाकीच्या शिडीच्या डाव्या काठाला प्रभावळ राहिलीये, चारशे टक्के झूम केल्यावर दिसते.

चष्मेबहाद्दर

चारशे टक्के झूम करून बघणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा.

गच्चीकर

@पिक्सेलपुराण, शिडी दिसली. आज रात्री क्लोन स्टॅम्प घेऊन अख्खी टाकीच पाडतोय.